विधेयकाचा कायदा कसा होतो?

आपल्या देशाची संसद म्हणजे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा. लोकसभेचे सभासद जनता थेट निवडते; राज्यसभेचे बहुतेक सभासद राज्यांतील आमदार निवडून देतात.

कायद्याच्या मसुद्याला विधेयक म्हणतात. प्रत्येक सभागृहात त्याची तीन वाचने होतात. पहिल्यात विधेयक मांडले जाते, दुसऱ्यात एकेका कलमावर चर्चा व दुरुस्त्या होतात, तिसऱ्यात संपूर्ण विधेयकावर मत घेतात. दोन्ही सभागृहांनी ते संमत केले आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली की त्याचा कायदा होतो.

पण दोन्ही सभागृहांचे एकमत झाले नाही तर? हुंडा प्रतिबंधक विधेयकाच्या बाबतीत असेच घडले. दुरुस्त्यांवरून मतभेद झाले. तेव्हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १०८ प्रमाणे मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली. संसदेच्या इतिहासातील ही पहिलीच संयुक्त बैठक. तेथे विधेयक संमत झाले आणि १ जुलै १९६१ पासून कायदा अमलात आला.

मूळ कायद्यात हुंडा देणाऱ्यास वा घेणाऱ्यास जास्तीत जास्त ६ महिने कैदेची तरतूद होती. ती अपुरी पडली. १९८६ च्या दुरुस्तीने ही शिक्षा सर्वसाधारणपणे किमान ५ वर्षे करण्यात आली.

विद्यार्थी मित्रांनो, संसदेने आपले काम केले. परंतु लग्न ठरविण्याच्या बैठकीला संसद येत नाही. तेथे आपणच बसलेलो असतो. देण्याघेण्याचा विषय निघताच या कायद्याचे नाव घेण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे.