वंचितांचा रंगमंच : ठाण्यांतील एक शिक्षणप्रयोग

वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आलें कीं प्रत्येक शाळेंत नाटकाच्या पात्रांची निवड सुरू होते. मीं कांहीं वर्षें एका शाळेंत हें काम केलें आहे, आणि तें करतांना माझ्या हातून घडलेली एक चूक प्रथमच सांगून टाकतों. राजाची भूमिका मी नेहमीं अशा मुलास देत असें, कीं ज्याचे उच्चार स्वच्छ आहेत, ज्याला पाठांतरासाठीं घरांत निवांत जागा आहे आणि ज्याच्या वडिलांना पोषाखाचा खर्च जड जात नाहीं. बाकीच्यांच्या वांट्यास भालदार-चोपदारांचीं कामें येत, आणि त्यांतूनहि जे उरत त्यांनीं खुर्च्या मांडाव्या. यांत कांहीं अन्याय आहे असें त्या वेळीं माझ्या मनांतहि आलें नाहीं. पुढें एके वर्षीं, खुर्च्या मांडणारा एक मुलगा तालमीच्या वेळीं खिडकीपाशीं उभा राहून राजाचीं सर्व भाषणें ओठांतल्या ओठांत म्हणत असलेला मला दिसला. त्याला सबंध नाटक पाठ होतें. पण त्याला कोणी विचारलेंच नव्हतें.

विद्यार्थिमित्रांनो, रंगमंचावर कोणी उभें राहावें हा प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं. ज्याला रंगमंच मिळतो त्याचें म्हणणें चारचौघे ऐकून घेतात. ज्याला तो मिळत नाहीं तो आयुष्यभर दुसऱ्याचेंच ऐकत राहतो. म्हणून गरीब वस्तींतील मुलांच्या हातीं नाट्यकला देण्याचा जो उद्योग आपल्या ठाणें शहरांत चालला आहे, त्याची ओळख करून देण्याचें येथें योजिलें आहे.

ही कल्पना आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस सीतास्वयंवराचा प्रयोग केला. तेथून आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ मानतात. त्या प्रयोगास राजाश्रय होता. त्यानंतर अवघ्या १२ वर्षांनीं, १८५५ सालीं, जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. त्यांत राजा नाहीं, देव नाहीं. अज्ञानापायीं नाडला जाणारा एक शेतकरी व त्याची बायको आहेत, आणि शेवटीं तीं दोघें रात्रीच्या शाळेंत जाण्याचा निश्चय करतात. दक्षिणा प्राइझ कमिटीनें या नाटकास आश्रय दिला नाहीं, आणि शंभराहून अधिक वर्षें तें छापलेंहि गेलें नाहीं. तथापि पुढें सत्यशोधकांचे जलसे गांवोगांव फिरले, त्यांच्यामागून आंबेडकरी जलसे आले, आणि १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनीं लाल बावटा कलापथक उभारलें. यांपैकीं अण्णा भाऊंना शाळा जवळजवळ लाभलीच नव्हती. ज्यांना पुस्तक मिळालें नाहीं त्यांनीं डफाच्या साथीनें शिक्षण घेतलें आणि दिलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां ठाण्याकडे वळूं. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली. कालांतरानें गांवाभोंवतीं कारखाने उभे राहिले, आणि कोंकणांतून, घाटावरून, मराठवाड्यांतून व उत्तरेकडूनहि माणसें पोटासाठीं येथें आलीं. मानपाडा, किसननगर, कळवा अशा भागांतून त्यांच्या दाट वस्त्या वाढल्या. गांवाच्या मध्यभागीं, मासुंदा तलावाच्या कांठीं, १९७८ पासून राम गणेश गडकरी रंगायतन उभें आहे. कल्याणला आचार्य अत्रे यांच्या आणि डोंबिवलीला सावित्रीबाई फुले यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. या वस्त्यांपासून तीं कांहीं फार दूर नाहींत. परंतु रोजमजुरीवर घर चालणाऱ्या मुलास तिकिटाची खिडकी हीच एक वेस असते, आणि तिच्या आंत पाऊल टाकण्याचें त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं.

ही वेस ओलांडण्यासाठीं २०१४ सालीं ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकारानें आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्यानें ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला. ही संस्था मूळची ठाण्याची. प्रतिकूल परिस्थितींत दहावीची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींचा ती एकलव्याच्या नांवानें गौरव करीत आली आहे. गुरूनें नाकारल्यावरहि जो शिकला, त्याचें नांव या मुलांना शोभतेंच.

मतकरी यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ चा. नोकरी बँकेंतली, पण जीव नाटकांत. १९६२ सालीं त्यांनीं मुलांच्या नाटकांसाठीं ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ व ‘अलबत्या गलबत्या’ यांनीं कित्येक पिढ्यांना हंसविलें. २००३ सालीं त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. असा मनुष्य वयाच्या पंचाहत्तरीनंतर वस्तींतल्या मुलांमध्यें जाऊन बसला, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व मानमरातबाहून मोठी वाटते.

या उपक्रमाची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. येथें तयार नाटक आणून मुलांकडून घोकून घेत नाहींत. वस्तींतलीं मुलें एकत्र बसतात, आपल्याच आयुष्यांतला एखादा विषय निवडतात, त्यावर बोलतात, भांडतात, आणि बोलतां बोलतां नाटिका उभी राहते. घरांतील दारू, मुलीची थांबविलेली शाळा, पाण्याची ओढाताण, जातीवरून व धर्मावरून होणारा दुरावा असे विषय त्यांना शोधावे लागत नाहींत. ते दाराशींच उभे असतात. जाणते रंगकर्मी मार्ग दाखवितात. शब्द मात्र मुलांचे. नेपथ्य व पोषाख यांवर खर्च नसल्यामुळें पैशाअभावीं कोणाला मागें राहावें लागत नाहीं. पुढें या नाटिका ‘नाट्यजल्लोष’ या कार्यक्रमांत शहरांतील प्रेक्षकांपुढें होतात.

यापासून मुलांना नेमकें काय मिळतें? पहिली गोष्ट वाणीची. शाळेंत ज्या बोलीला हंसतात तीच बोली येथें संवादाचें भांडवल होते, आणि आपली भाषा लाजेची नसून कामाची आहे हें मुलास उमगतें. दुसरी गोष्ट शिस्तीची. एक पात्र आलें नाहीं तर सर्वांची तालीम अडते. वेळेवर येण्याचें महत्त्व दहा व्याख्यानांनीं कळणार नाहीं इतकें त्यावरून कळतें. तिसरी गोष्ट सर्वांत खोल आहे. दारूच्या आहारीं गेलेल्या बापाचें काम करणारा मुलगा त्या बापाच्या जागीं उभा राहून पाहूं लागतो. सुनेला गांजणाऱ्या सासूचें काम करणाऱ्या मुलीला त्या सासूचें दुःखहि शोधावें लागतें. दुःखाचा कढ एकदां रंगमंचावर आला म्हणजे तो आपल्यापासून हातभर दूर जातो, आणि दूरच्या वस्तूचा विचार करतां येतो.

ब्राझील देशांतील ऑगस्टो बोआल (१९३१–२००९) यांनीं याच तत्त्वाचा विस्तार केला. १९७३ च्या सुमारास पेरू देशांत साक्षरतेच्या चळवळींत काम करीत असतां त्यांनीं निराळीच रीत चालविली. अन्यायाचा प्रवेश चालूं असतां प्रेक्षकानें ‘थांबा’ म्हणावें, स्वतः वर यावें, आणि आपण काय केलें असतें तें करून दाखवावें. प्रेक्षक आणि नट यांमधली भिंतच त्यांनीं काढून टाकली. खऱ्या आयुष्यांत जें करावयाचें त्याची जणूं तालीमच ती!

कोणी विचारील, ज्याच्या घरीं चूल पेटण्याची पंचाईत त्याला नाटक कशाला? हा आक्षेप खोटा नाहीं. नाटकानें भाडें भरलें जात नाहीं, फी माफ होत नाहीं, कीं नळाला पाणी येत नाहीं. एका दिवसाच्या टाळ्यांनीं मुलाचें डोकें फिरूं शकतें, आणि दुसऱ्या दिवशीं तीच गल्ली पाहून तो अधिकच खिन्न होऊं शकतो. तालमीला जागा मिळणें कठीण, आणि संध्याकाळीं मुलीला घराबाहेर धाडण्यास आईबाप कचरतात. म्हणूनच नाटकाबरोबर अभ्यासाचा व मार्गदर्शनाचा हात वर्षभर पाठीवर असावा लागतो. ज्या संस्थेनें एकलव्यांची काळजी घेतली तिनेंच रंगमंच उभारला, यांतलें मर्म हेंच होय. पण आक्षेप घेणाऱ्यांनींहि एवढें लक्षांत घ्यावें, कीं पाण्यासाठीं अर्ज करावयाचा, तर अधिकाऱ्यासमोर उभें राहून बोलावें लागतें. आणि तें धैर्य भाकरीबरोबर आपोआप येत नाहीं.

१७ मे २०२० रोजीं, कोरोनाच्या सांथींत, मतकरी यांचें निधन झालें. परंतु नाट्यजल्लोष थांबला नाहीं. त्यांच्या स्मृतीस वाहून मुलांनीं तो पुढें चालविला. लावणाऱ्याच्या मागें जें झाड वाढतें तेंच खरें रुजलें म्हणावें.

आपणांस यांतून घेण्यासारखें काय? यंदाच्या संमेलनाच्या वेळीं वर्गांतल्या मुखस्तंभ मुलास एक प्रवेश रचावयास सांगून पाहा. पोषाखाची अट काढून टाका. खुर्च्या सर्वांनीं मिळून मांडा. आणि खिडकीपाशीं कोणी उभें असेल तर त्याला आंत बोलवा. मीं त्या मुलास बोलाविलें तेव्हां संमेलनास अवघे दोन दिवस उरले होते, आणि पात्रें केव्हांच ठरून गेलीं होतीं. तुम्हीं इतका उशीर करूं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.