तोडणीचा दर आणि आपल्या उसाचा भाव



परवा गट ऑफिसात एक जुने सभासद बिल घेऊन आले. म्हणाले, "साहेब, दिल्लीनं भाव वाढवला अन् तोडणीवाल्यानं नेला. माझ्या हाती काय ऱ्हायलं?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बिलाच्या एका ओळीत सापडत नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

एफआरपी ही कारखान्याच्या गेटवरची किंमत. तोडणी-वाहतूक तिच्यातूनच वजा होते, म्हणून मजुराची वाढ आपल्याला डोळ्यांसमोर दिसते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. मुकादमाचे कमिशन धरले तरी ही वाढ टनामागे सव्वाशेच्या आत आहे. करार तीन हंगामांचा. त्याआधीच्या २०२२-२३ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२५-२६ ला ती ३५५ झाली. म्हणजे टनाला ५०० रुपये वाढ. वाहतूक, खत, मजुरी वाढली हे खरेच, पण सगळा भाव कोयत्याने नेला असे म्हणता येत नाही.

आता उलट बाजू पाहू. कोयता आलाच नाही तर? एकरी ४० टनाचा ऊस उन्हाळ्यात उभा राहून समजा तीन टनांनी घटला, तर साडेदहा हजारांचा माल गेला. तोडणीची वाढ त्याच एकराला पाच हजारांच्या आत. २०२१-२२ चा हंगाम कोणी विसरले नसेल. ऊस विक्रमी, मे उजाडला तरी फडात उभा, आणि टोळ्या पेरणीसाठी गावाकडे निघालेल्या. शासनाला १ मे नंतरच्या उसासाठी टनाला २०० रुपये उतारा-घट अनुदान द्यावे लागले. त्या वर्षी काहींनी हातचा ऊस जाऊ नये म्हणून किती 'खुशाली' मोजली, ते इथे लिहीत नाही.

ही माणसे येतात कुठून? पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, आणि आपल्या शेजारच्या पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातून. मुळा धरणाचा उजवा कालवा नेवाशाच्या शिवारात आला म्हणून आपण ऊस लावतो. त्या डोंगरावर पाणी चढले नाही म्हणून ते ऊस तोडतात. दोघांच्या कष्टात फरक नाही, फरक पाटाच्या पाण्याचा. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल अंगावर घेऊन कोपीत राहायला येतात. पोरांची शाळा सहा महिने बुडते. ते नुकसान आपल्या बिलात कुठेच येत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनाला १० रुपये द्यायचे, तेवढेच शासनाने, असे ठरले आहे. त्यावर "आमच्याच पैशातून" अशी कुरकूर ऐकू येते. माझ्या मते ही रक्कम जास्त नाही.

खरी ओढाताण वरून होते, आणि ती दिसत नाही. २०२१ मध्ये ब्राझीलला दुष्काळ अन् थंडीचा तडाखा बसला, जगात साखर महागली, आणि २०२१-२२ ला भारताची सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. जून २०२२ पासून निर्यातीवर बंधन आले, २०२३-२४ ला कोटा मिळालाच नाही. ७ डिसेंबर २०२३ ला रसापासून इथेनॉल करायला मनाई झाली. आठवड्याने ती थोडी सैल केली, पण गाळप तोवर रंगात आले होते. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढची सहा वर्षे तसाच राहिला. शहरात साखर स्वस्त राहावी हा हेतू समजतो. पण त्या स्वस्ताईचा भार कारखान्यावर, म्हणजे सभासदावर येतो. आणि पैसा आखडला की पहिली नजर कोयत्याच्या दराकडे जाते, कारण दिल्ली लांब अन् टोळी बांधावर.

मशीनचे विचारणारेही पुष्कळ आहेत. हार्वेस्टर चालायला सरी साडेचार ते पाच फूट लागते, बांध आडवे नकोत, शेवटाला वळायला जागा हवी. यंदाची लावण करणाऱ्यांनी सरी सोडण्याआधी गट ऑफिसात कळवावे, चिटबॉय येऊन मोजून देईल. ज्यांच्या शिवारात टोळी उतरणार आहे त्यांनी कोप्यांजवळ विहिरीचे पाणी आणि एक दिवा तेवढा द्यावा. कोप्या पाटाच्या कडेला बांधू देऊ नयेत, लहान पोरे असतात.