आंघोळीच्या पाण्यासाठी कोणते इंधन परवडते?

बियाणे व खतांचा हिशेब आपण ठेवतो. चुलीत जाणाऱ्या इंधनाचा मात्र ठेवत नाही. बांधावरचे लाकूड आणि गोठ्यातले शेण ‘फुकट’ असते, हा त्यामागचा समज. तो तपासून पाहू.

इंधनाची तुलना नुसत्या किलोच्या भावावर करू नये. पाण्याला प्रत्यक्ष किती उष्णता मिळते, ते पाहावे. हिवाळ्यात १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास २,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. त्यासाठी लागणारे इंधन ढोबळमानाने असे :

१) गोवऱ्या, साधी चूल (कार्यक्षमता १० टक्के) : १२ किलो
२) वाळलेले लाकूड, साधी चूल (१० टक्के) : ७ किलो
३) वाळलेले लाकूड, सुधारित चूल (२० टक्के) : ३.५ किलो
४) गोबर गॅस (५५ टक्के) : १ घनमीटर
५) सिलिंडरचा गॅस (६० टक्के) : ३८० ग्रॅम
६) वीज (९० टक्के) : ३.२ युनिट

आता आपल्या गावचे भाव घालावेत. समजा, लाकूड किलोला ५ रुपये, १४.२ किलोचे सिलिंडर ८५० रुपये आणि वीज युनिटला ७ रुपये आहे. तर साध्या चुलीवर ३५ रुपये, सुधारित चुलीवर साडेसतरा रुपये आणि गॅस वा विजेवर सुमारे २३ रुपये खर्च येतो. म्हणजे विकतचे लाकूड साध्या चुलीत जाळणे सर्वांत महाग पडते! लाकूड घरचे असले तरी तोडणी-फोडणीची मजुरी धरावी.

शेणाचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. १२ किलो गोवऱ्यांसाठी सुमारे ६० किलो ताजे शेण लागते. तेवढेच पाणी गोबर गॅसवर २५ किलो शेणात तापते आणि वर स्लरी खत म्हणून शेतात जाते. गोवरी जाळली की शेणातील नत्र व सेंद्रिय पदार्थ जळून जातात, मागे फक्त राख उरते. शिवाय धुराचा त्रास घरच्या बायका-मुलांना होतो, तो वेगळाच.

तात्पर्य : तीन-चार जनावरे असल्यास गोबर गॅसला प्राधान्य द्यावे. ते शक्य नसल्यास सुधारित चूल वापरावी व लाकूड पावसाळ्यापूर्वी फोडून, वाळवून आडोशाला रचावे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातील पाणी आटविण्यातच जाते. एक आठवडा इंधन मोजून पाहा, ‘फुकट’ इंधनाची खरी किंमत आपोआप कळेल.