विज्ञानकथेची वाचकप्रियता : नारळीकरांच्या तीन कथांच्या आधारे

मराठी विज्ञानकथेविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो. या कथांतील पात्रे पुसट असतात, संवाद माहिती पुरविण्यापुरते असतात आणि त्यामुळे हा वाङ्मयप्रकार ललित साहित्याच्या उंबरठ्यावरच थांबतो, असे म्हटले जाते. वाचक मात्र जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या आवडीने वाचत आला आहे. ही आवड अजाण म्हणून बाजूला सारता येत नाही. ती कोणत्या गुणांवर आधारलेली आहे, हे पाहणे समीक्षेचे काम ठरते.

या आवडीचे एक सोपे स्पष्टीकरण दिले जाते. कोल्हापुरात जन्मलेला हा कथाकार जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ होता, म्हणून वाचक भारावले, हे ते स्पष्टीकरण. परंतु पहिल्या कथेचा इतिहास त्याच्या विरुद्ध जातो. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली. तिला पहिले पारितोषिक मिळाले. म्हणजे पहिली दाद कीर्तीला नव्हे, संहितेला मिळाली. तेव्हा कारणही संहितेतच शोधावयास हवे.

नारळीकरांपूर्वीही मराठी वाचकाला या प्रकाराची ओळख होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळकोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीत आली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरचा माणूस केला. व्हर्नची मोहिनी प्रवासाची व यंत्राची आहे. वाचक परिचित जगातून निघून दूर जातो. नारळीकरांच्या ज्या कथा वाचकांच्या विशेष स्मरणात राहिल्या, त्यांत दिशा बहुधा उलटी आहे. तेथे विज्ञानातील एखादी कल्पना वाचकाच्या अंगणात येते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ हे याचे ठळक उदाहरण होय. १४ जानेवारी १७६१ चा पराभव मराठी माणसाने केवळ इतिहासग्रंथांत ठेवलेला नाही. ‘विश्वास पानिपतात गेला’ ही कोटी आजही बोलण्यात येते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील एखाद्या तालमीच्या कट्ट्यावरही कुणाचे ‘पानिपत झाले’ म्हटले, तर त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नारळीकर या स्मृतीत एकच बदल करतात : गोळी विश्वासरावांना चाटून जाते. त्या निसटत्या क्षणातून दुसरा इतिहास निर्माण होतो आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्यात जाऊन पडतात. तेथील मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अद्याप आहे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात पंतांना स्वतःच्याच नावावरील इतिहासग्रंथ सापडतो, मात्र त्यातील पानिपताचा निकाल वेगळा असतो.

या कथेत वाचकाच्या मनातील जुनी जखम फुंकर घालून शांत केली जाईल, असे प्रथम वाटते. लेखक तसे करीत नाही. जिंकलेल्या पानिपताच्या जगातही आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून पंतांना मोह होतो आणि श्रोते त्यांची फजिती करतात. अखेरीस बखरीचे एक फाटके पान हाती उरते व कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्ताच्या आणि क्वांटम भौतिकीच्या आधारे त्याचा अर्थ लावावा लागतो. हळहळ येथे विचाराला प्रवृत्त करते. ‘तसे झाले असते तर’ हा घरोघरचा उसासा ‘तसे झाले असते तर पुढे काय?’ या प्रश्नात रूपांतरित होतो. या कथेच्या लोकप्रियतेचे मर्म येथे आहे.

इतर दोन कथांतही हीच रीत दिसते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत क्रिकेट, गणपतीची मूर्ती आणि मोबियसची पट्टी एकत्र येतात. डावे आणि उजवे हा भेद भूमितीच्या पातळीवर उलटतो, आणि ती उलथापालथ वाचकाला मूर्तीच्या सोंडेवरून चटकन आकळते. ‘धूमकेतू’ या कथेत हौशी खगोलनिरीक्षक दत्तदा धूमकेतू शोधतात. शास्त्रज्ञांच्या गुप्तपणे आखलेल्या मोहिमेमुळे पृथ्वीवरील संकट टळते, घरी मात्र त्याचे श्रेय यज्ञाला दिले जाते. येथे लेखक पत्नीची टवाळी करीत नाही. एकाच घरात दोन विचारपद्धती शेजारी शेजारी नांदतात, ही अस्वस्थता तो तशीच ठेवतो.

पात्रांविषयीचा आक्षेप यामुळे पूर्णतः खोटा ठरत नाही. गंगाधरपंतांचे अंतर्मन आपल्याला फारसे कळत नाही, आणि शेवटचे शास्त्रीय स्पष्टीकरण कथेपेक्षा व्याख्यानाकडे झुकते. पण विज्ञानकथेला केवळ मनोविश्लेषणात्मक कथेचे माप लावणे म्हणजे पोवाड्याला भावगीताच्या कसोटीवर घासणे होय. येथे वाचकाचे तादात्म्य पात्राच्या भावनेशी कमी आणि त्याच्या शोधाशी अधिक होते. एक बदल मान्य केल्यावर उरलेली साखळी तो स्वतः जुळवितो व लेखकाने नियम मोडला तर पकडतोही. वाचकाला समान पातळीवर आणणारा हा करार त्याला सन्मानाचा वाटतो.

पदव्युत्तर वर्गात या कथा शिकविताना ‘यातले विज्ञान खरे ठरले काय?’ या प्रश्नाशी थांबू नये. कथेने कोणती गोष्ट बदलली, कोणती तशीच ठेवली आणि त्या निवडीतून आपल्या समाजाची कोणती स्मृती वा कोणती श्रद्धा तपासली गेली, हे प्रश्न विचारले म्हणजे वाचकाची आवड आणि समीक्षकाची कसोटी यांतील अंतर कमी होऊ लागते.