बिडी सोडली, पुढे काय?

व्यसन सोडण्याविषयी आपण शाळेपासून पुष्कळ ऐकत आलो आहोत. दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन साजरा होतो, शपथा घेतल्या जातात, भिंतींवर घोषणा रंगवल्या जातात. या सगळ्यात दोनच प्रकारची माणसे धरलेली असतात: व्यसन करणारी आणि न करणारी. पण यांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा आहे. त्याने एक व्यसन खरोखरच सोडले आहे. मात्र ते सोडताना दुसऱ्या एका सवयीचा आधार घेतला आहे. त्याला काय म्हणायचे? आणि त्याने तो आधारही पुढेमागे टाकून द्यायला हवा का? या प्रश्नाचा माझ्या कुवतीप्रमाणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सध्या जगात हा प्रश्न विद्युत-सिगारेटच्या निमित्ताने चर्चिला जातो. तिला ई-सिगारेट किंवा व्हेप असेही म्हणतात. या यंत्रात तंबाखू जळत नाही. बॅटरीच्या उष्णतेने निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती वाफ ओढली जाते. इंग्लंडात सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना हे साधन सुचवले जाते. २०२३ साली तेथील सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ते पुरवण्याची योजना जाहीर केली. भारताने नेमका उलटा मार्ग धरला. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी घालण्यात आली. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरात यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

मग आपल्या नांदेड-लातूरकडे या प्रश्नाचा काय संबंध, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की, यंत्र नवे असले तरी प्रश्न आपल्या घरातला आणि जुना आहे. आपल्याकडे बिडी सोडणारा माणूस व्हेपकडे जात नाही, तो तंबाखूच्या पुडीकडे जातो.

बदली कशी होते?

माझे वडील लातूरच्या आडत बाजारात हमाली करतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तरुणपणी त्यांना दिवसाला दोन बंडले बिड्या लागत. बारदान्याने भरलेल्या गोदामात बिडी पेटवता येत नाही. एक ठिणगी पडली की लाखोंचा माल जातो. त्यामुळे काम करताना सगळेच हमाल तंबाखू मळून खातात. पुढे खोकला वाढला, डॉक्टरांनी दटावले आणि अण्णांनी बिडी बंद केली. या गोष्टीला आता आठ वर्षे झाली. त्यानंतर त्यांनी एकही झुरका घेतलेला नाही. मात्र पूर्वी दिवसाला दोन-तीनदा होणारी तंबाखूची चिमूट आता दहा-बारा वेळा होते. तिच्याविषयी मी एकदा बोलले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी बिडी सोडलो की माय. आता आनखी काय सोडू?"

त्यांचा हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. बिडी सोडणे ही लहान गोष्ट नव्हती. ज्याने ती कधी ओढली नाही, त्याने त्याला हिणवण्यात अर्थ नाही. परंतु प्रश्न खरा असला की त्याचे उत्तरही खरे शोधावे लागते.

अण्णांसारखी माणसे थोडीथोडकी नाहीत. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शेकडा ३.८ होते, तर तंबाखू खाणारे किंवा दातांना लावणारे शेकडा २४.४. संपूर्ण देशात हेच आकडे अनुक्रमे १०.७ आणि २१.४ होते. म्हणजे धूर कमी असलेले आपले राज्य तंबाखूमुक्त मुळीच नाही. स्त्रियांत तर धूम्रपान शेकडा १.४ आणि बिनधुराची तंबाखू शेकडा १६.६. माझी आजी रोज सकाळी मिश्री लावते आणि तिला कुणीही व्यसनी म्हणत नाही. आमच्या गावात माळ घातलेला माणूस मांस आणि मद्य सोडतो, पण तंबाखूची डबी त्याच्या कनवटीला राहिली तर कुणी हरकत घेत नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या अमृतधारी शिखांचा नियम याहून वेगळा आहे. त्यांना तंबाखू वर्ज्य म्हणजे वर्ज्य. ओढायची आणि खायची असा भेद तेथे नाही.

धूर गेला, उरले काय?

हा भेद शास्त्राच्या दृष्टीने कितपत खरा आहे, ते आता पाहू. तंबाखूची तलफ लावणारे द्रव्य निकोटीन. ते मेंदूला चटक लावते आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवते. पण कर्करोगाचे मुख्य कारण ते नव्हे. बिडी-सिगारेटमध्ये तंबाखू जळते, तेव्हा डांबरासारखा चिकट पदार्थ, कार्बन मोनॉक्साइड वायू आणि अनेक कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. फुप्फुसांचा आणि हृदयाचा घात प्रामुख्याने ती करतात. म्हणून जळणे थांबले की मोठे संकट टळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार धूम्रपान सोडल्यावर एका वर्षात हृदयरोगाचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो, आणि दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या निम्मा होतो. अण्णांनी बिडी सोडून हे नक्कीच कमावले.

व्हेपमध्येही जळणे नाही आणि तंबाखूचे पानही नाही. त्यामुळे ती सिगारेटपेक्षा बरीच कमी घातक आहे, असे इंग्लंडमधील वैद्यकीय संस्था मानतात. कमी घातक म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हेही त्याच सांगतात. हे साधन बाजारात येऊन वीसएक वर्षेच झाली आहेत. चाळीस वर्षे ओढल्याचा परिणाम मोजायला तेवढा काळ जावा लागतो.

खायच्या तंबाखूची गोष्ट मात्र निराळी आहे. येथे धूर नाही, पण पान आहे. तंबाखू वाळवताना आणि मुरवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. आपण तिच्यात चुना मळतो. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातून लवकर रक्तात जाते, म्हणून 'बार' चांगला लागतो. त्याच चुन्याने ते अस्तर भाजूनही निघते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू ही तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगाचे कारण असल्याचे नमूद केले आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. म्हणून तंबाखू सोडून सुपारी धरणे हाही उपाय नव्हे. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तिच्यामागेही हेच कारण आहे.

थोडक्यात सांगायचे तर सिगारेटकडून व्हेपकडे जाणारा माणूस एक पायरी खाली उतरतो. बिडीकडून चुना-तंबाखूकडे जाणारा फुप्फुसे काहीशी वाचवतो आणि तोंड पणाला लावतो. मागच्या दिवाळीत दात दुखतो म्हणून अण्णांना दंतवैद्याकडे नेले, तेव्हा जेथे ते तंबाखू धरतात तेथेच गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. सुदैवाने तो कर्करोग नाही. पण तंबाखू थांबली नाही तर तो तसाच राहील याची खात्री कुणी देत नाही.

पाणबुडीतील खलाशी आणि गोदामातील हमाल

येथे स्वीडनमधील एक हकीकत सांगण्यासारखी आहे. पाणबुडीत आग पेटवता येत नाही. तेथील खलाशी सिगारेट बंद होताच तोंडात धरायच्या तंबाखूवर जातात, असे क्लेस लुंडग्रेन या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले. १९६७ साली त्यांनी हे औषधनिर्मिती क्षेत्रातील ऊवे फर्नो यांना कळवले. धूर नसताना नुसत्या निकोटीनने तलफ भागते, तर ते तंबाखूशिवायच का देऊ नये, असा विचार करून फर्नो यांनी निकोटीनचा चघळायचा गम तयार केला. १९७८ साली स्वित्झर्लंडने त्याला औषध म्हणून प्रथम मान्यता दिली. आज तो आपल्याकडील औषधांच्या दुकानांतही मिळतो.

पाणबुडीतला खलाशी आणि लातूरच्या गोदामातला हमाल यांची अडचण एकच. फरक एवढाच की एकाच्या अडचणीतून औषध निघाले आणि दुसऱ्याची अडचण पुडीवर भागवली गेली.

गमाचा एक विशेष असा की त्याला मुदत असते. साधारणपणे तीन महिन्यांत तो कमी करत बंद करायचा असतो. मुदत नसली की काय होते, ते इंग्लंडमधील एका प्रयोगाने दाखवले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ८८६ धूम्रपान करणारे होते. त्यांतील काहींना ई-सिगारेट दिली, काहींना गम, पट्टी अशी निकोटीनची औषधे. वर्षअखेर पहिल्या गटातील शेकडा १८ जणांची सिगारेट सुटली होती, दुसऱ्या गटातील शेकडा ९.९ जणांची. ई-सिगारेट जवळजवळ दुप्पट यशस्वी ठरली, हे मान्य करायलाच हवे. पण ज्यांची सिगारेट सुटली, त्यांपैकी पहिल्या गटातील शेकडा ८० जण अजून ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटात औषध चालू ठेवणारे फक्त शेकडा ९ होते. आधार भक्कम होता, पण तो हातातून सुटत नव्हता.

दुसरी बाजू

यावर कुणी म्हणेल, आधार राहिला तर बिघडले कोठे? चहा तरी कोण सोडतो? या आक्षेपात तथ्य आहे. व्हेप टाकल्यामुळे जर माणूस पुन्हा सिगारेटकडे वळणार असेल, तर ती घाईने टाकणे घातकच. इंग्लंडच्या आरोग्य सेवेचा सल्लाही असाच आहे: पुढे व्हेपही सोडण्याचे ध्येय ठेवा, पण पुन्हा सिगारेट ओढणार नाही अशी खात्री झाल्यावरच. म्हणजे उत्तर 'होय, सोडावी' असेच आहे. फक्त क्रम सांभाळायचा आहे.

चहाशी तुलना मात्र मला पटत नाही. तंबाखूची तलफ माणसाच्या दिवसाची मालक होते. लग्नाच्या पंगतीत, कीर्तनात, दवाखान्याच्या रांगेत त्याचे अर्धे चित्त डबीकडे असते. पैशांचाही हिशेब करावा. पुडी आणि चुना मिळून रोजचे वीस रुपये धरले तरी वर्षाचे ७३०० होतात. आमच्या घरात एवढ्या रकमेत माझी वर्षाची पुस्तके आणि परीक्षेचे शुल्क निघून थोडे उरते. हे मी अण्णांना टोचण्यासाठी लिहीत नाही. पाठीवर पोती वाहून मला कॉलेजात पाठवणाऱ्या माणसाचे पैसे चुन्याबरोबर थुंकले जाऊ नयेत, एवढीच इच्छा आहे.

मग सोडायची कशी?

सोडण्याच्याही काही पायऱ्या आहेत. पहिली, तारीख ठरवणे. आणि ती सुगीच्या, बाजार भरात असण्याच्या दिवसांत ठरवू नये. दुसरी, ठरल्या दिवशी डबी आणि चुना घरातून काढून टाकणे. तिसरी, पहिले तीन दिवस सांभाळणे. चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणे हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतो. ही गोष्ट घरच्यांना आधी ठाऊक असली तर ते रागावत नाहीत. चौथी, डॉक्टरांना विचारून मुदतीचा आधार घेणे. गम थोडा चघळून गालाशी धरून ठेवायचा असतो, आणि तंबाखू खाणाऱ्याला ते वेगळे शिकवावे लागत नाही. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग चालते, सुपारी नको. शिवाय १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडण्याविषयी मोफत सल्ला मिळतो.

घसरण झाली तर पुन्हा तारीख धरावी. एका प्रयत्नात सुटणारी माणसे थोडी असतात. अण्णांनाही बिडी तिसऱ्या वेळी सुटली होती. त्यामुळे "आता आनखी काय सोडू?" या त्यांच्या प्रश्नावर माझे उत्तर असे आहे की, ज्याला बिडी सोडता आली त्यालाच तंबाखू सोडता येण्याची आशा सर्वांत अधिक. सोडायचे कसे, हे त्याने एकदा शिकून घेतलेले असते.

आपल्यापैकी अनेक जण अशाच घरांतून आले आहेत, जेथे पुस्तक पहिल्यांदा आपल्याच हातातून आत गेले. घरातल्या वडीलधाऱ्यांना उपदेश करण्याचा अधिकार त्यामुळे आपल्याला मिळत नाही. पण पुडीवरचा इशारा त्यांना वाचून दाखवण्याची, त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाण्याची आणि त्या तीन दिवसांत त्यांची चिडचिड सोसण्याची जबाबदारी मात्र येते. ज्याने आधार घेऊन एक व्यसन सोडले, त्याचे आधी कौतुक करावे आणि मग दुसऱ्या तारखेविषयी बोलावे. हा क्रम चुकला तर तो आपले ऐकणार नाही, आणि त्यात दोष त्याचा असणार नाही.