पेशींची फुगडी

विज्ञानाच्या वहीत पेशीचे चित्र तुम्ही काढले असेल. पण ते एकट्या पेशीचे. आपल्या शरीरात अब्जावधी पेशी एकमेकींना लागून असतात, आणि खसाखसा अंग घासले तरी कातडी सुटून येत नाही. मग त्यांना धरून कोण ठेवते?

डिंकासारखे काहीतरी असेल, असे वाटते. पण पेशी ओळख पाहून चिकटतात. १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या गर्भातील, पुढे कातडी होणाऱ्या आणि मज्जासंस्था होणाऱ्या पेशी सुट्या करून एकत्र मिसळल्या. थोड्या काळाने कातडीच्या पेशी बाहेर व मज्जासंस्थेच्या आत, अशा त्या आपोआप वेगळ्या झाल्या. डिंकाने हे कसे जमावे?

ही पकड घेणाऱ्या प्रथिनांचा एक मोठा गट म्हणजे कॅडहेरिन. जपानमधील क्योतो विद्यापीठात मासातोशी ताकेइची यांनी तो शोधला. १९८४ मध्ये ठेवलेल्या या नावातला 'कॅ' कॅल्शिअमचा आहे.

फुगडी आठवा. दोघी एकमेकींचे हात धरतात, तसे एका पेशीचे कॅडहेरिन शेजारच्या पेशीच्या, बहुधा त्याच प्रकारच्या, कॅडहेरिनला धरते. हात ढिले पडले की फुगडी मोडते. इथे कॅल्शिअम प्रथिनाच्या सांध्यांत बसून त्याला ताठ ठेवते. प्रयोगशाळेत पेशी सुट्या करायच्या असल्या की कॅल्शिअमच काढून घेतात. आणि पाय? तेही रोवलेले हवेत. कॅडहेरिनचे आतले टोक कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीतील ॲक्टिनच्या तंतूंना बांधलेले असते.

काही कर्करोगांत ई-कॅडहेरिन कमी होते आणि पेशींना गाठीतून सुटून पसरणे सोपे जाते.

कातडीला ओढाताण फार, म्हणून तिथे डेस्मोसोम नावाचे जास्त मजबूत सांधे असतात. त्यांतले डेस्मोग्लीन हे कॅडहेरिनच्याच कुळातले. पेम्फिगस या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून डेस्मोग्लीनविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. पेशींचे हात सुटतात, मध्ये पाणी साठते, तोंडात किंवा अंगावर फोड येतात. असे फोड दिसले की लोक लांब सरकतात, रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवतात. पालकांनीही हे लक्षात घ्यावे, की या आजारात जंतूचा संसर्ग नसतो. स्पर्शाने किंवा एका पंगतीत जेवल्याने तो लागत नाही. फोड कशाचे आहेत हे मात्र त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवायचे, कारण पेम्फिगस असेल तर उपचार लवकर सुरू करावे लागतात.