बाभळीचें लांकूड : त्याचे गुण व उपयोग

काळ्या जमिनीच्या मुलखांत बांधावर किंवा ओढ्याकांठीं बाभूळ नाहीं असें गांव बहुधा सांपडणार नाहीं. नित्याच्या पाहण्यांतील वस्तु म्हणून तिची किंमत वाटत नाहीं, आणि पैशाची नड लागली कीं बांधावरील झाडें उभींच्या उभीं, उक्त्या किंमतीनें, कोळसेवाल्यास देण्याचा प्रघात पडला आहे. या सौद्यांत जुन्या खोडाचा गाभा व फांद्यांचें सरपण एकाच भावानें जातें. यांत नुकसान कोठें आहे तें कळण्यास या लांकडाचे गुण ध्यानांत घेतले पाहिजेत.

खोडाचा आडवा छेद पाहिला असतां दोन भाग स्पष्ट दिसतात. सालीलगतचा भाग पांढुरका असतो. आंतील गाभा ताजा असतां गुलाबी व पुढें हवेनें तांबूस-तपकिरी होतो. टिकाऊपणा सर्व या गाभ्यांत आहे. पांढऱ्या भागास भुंगेरा लवकर लागून त्याचें पीठ होतें. कोंवळें झाड तोडून औत केलें तर तें याच कारणानें टिकत नाहीं, आणि दोष मात्र बाभळीस लागतो. वाळलेल्या लांकडाचें वजन घनफुटास सुमारें २२ ते २३ किलो भरतें. सागाचें १८ ते १९ किलो. फळ्या व चौकटी यांच्या कामांत सागाची सर हिला नाहीं; परंतु धक्का सोसणें व घासून न झिजणें या गुणांत बाभूळच वरचढ. म्हणूनच गाडीचे तुंबे व आरे, जूं, नांगर, वखराचें दिंड, दांडे, मेखा हीं कामें सुतार पिढ्यान्‌पिढ्या हिच्याच लांकडाचीं करीत आला. रबरी चाकें व ट्रॅक्टर आल्यापासून तुंब्यांची मागणी फार उतरली, तरी दांडे, खुंट व गोठ्याचे खांब यांस दुसरें इतकें स्वस्त व चिवट लांकूड जवळपास मिळत नाहीं.

औतासाठीं झाड पंधरा-वीस वर्षांचें तरी असावें. तें हिवाळ्यांत तोडावें, साल लगेच काढावी व ओलें असतांच चिरून घ्यावें. वाळल्यावर करवतीस तें दाद देत नाहीं. ओंडके कांहीं आठवडे विहिरींत किंवा तळ्यांत बुडवून ठेवण्याची जुनी चाल शहाणपणाची आहे. किड्यास प्रिय असलेलें सत्त्व पाण्यांत उतरून जातें. नंतर उन्हांत न टाकतां सावलींत रचावें, नाहीं तर टोंकांस चिरा पडतात.

काढलेली साल फेंकूं नये. तिच्यांत कातडें कमावण्याचें द्रव्य भरपूर असून कानपूरच्या कातड्याच्या धंद्यांत ती फार खपत असे. शेंगा शेळ्यामेंढ्यांस खाद्य. डिंकाविषयीं तर सांगणें नलगे.

खरेदी-विक्रींत नांवांचा घोळ होतो. माळरानावर माजलेली, अमेरिकेंतून आलेली विलायती वेडी बाभूळ ही निराळी. तिचीं फुलें लांबट तुऱ्यांची असतात. सुबाभळीचे गोंडे पांढरे. आपल्या बाभळीचे गोंडे पिवळे व सुवासिक, आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी. शास्त्रज्ञांनीं हिचें जुनें नांव अकेशिया बदलून आतां व्हॅचेलिया केलें आहे, पण सुताराचें त्यावांचून अडलेलें नाहीं!

तोडीपूर्वीं बांध कोणाचा याची खात्री करावी. सामाईक बांधावरील एका झाडापायीं दोन कब्जेदारांनीं झाडाच्या दसपट खर्च केलेला मीं नोकरींत पाहिला आहे. महाराष्ट्रांत वृक्षतोडीच्या नियमनाचा १९६४ चा कायदा आहे. तेव्हां तोड व वाहतूक यांसंबंधीं चालू नियम तलाठी व वनखातें यांजकडे आधीं विचारावे. मग खोडें वेगळीं मोजून सुतारास किंवा वखारीस दाखवावीं, आणि उरलेल्या फांद्या कोळशास द्याव्या.

नवीं झाडें लावणाऱ्यानें बांधासाठीं रामकाठी जात निवडावी. ती सुरूसारखी उभट वाढते, म्हणून पिकावर सावली थोडी पडते. बियांचें कवच कठीण असतें. त्यांवर कढत पाणी ओतून रात्रभर भिजूं द्यावें. शेळ्यांच्या वाड्यांतील लेंड्यांतून निघालेलें बीं याहून सोयीचें. सोटमूळ खोल जाणारें असल्यानें पावसाच्या आरंभीं बीं जागींच टोंचावें, आणि दुसऱ्या झाडाच्या सावलींत टोंचूं नये. तेथें रोप जगत नाहीं.